गाडीचे बूट

"बूट फाटलेत," चिमणी दारातूनच म्हणाली. मास्तरांनी शिलाई मशीनवरची मान वर केली आणि आधी तिच्या पायांकडे बघितलं. पायात चपला होत्या.

"माझे नाहीत हो मास्तर. गाडीचे."

गाडी बूट घालते, ही माहिती मास्तरांना नवीन होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हातातला अर्धा शर्ट बाजूला ठेवला आणि नीट ऐकायला बसले. चिमणी काही सांगायला लागली की ते हातातलं काम ठेवायचे. गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, आणि चिमणीही मास्तरच म्हणायची. तिच्या आईशी त्यांचं लग्न झालं तेव्हा ती कॉलेजात होती आणि तिचे वडील जाऊन बरीच वर्षं लोटली होती. लग्नाला तिची काही हरकत नव्हती. फक्त 'बाबा' तिच्या तोंडून निघेना, 'काका' म्हणून बघितलं तर तिचं तिलाच हसू आलं, आणि मग जे सगळे म्हणायचे तेच तीही म्हणायला लागली. मास्तरांनी कधी विषय काढला नाही. कापड अंगाला बसलं नाही तर ते उसवायचे, ओढून ताणून बसवायचे नाहीत. माणसांच्या बाबतीतही त्यांचा तोच हिशेब होता.

चिमणी हे नाव ती जन्मली तेव्हाचं. मूठभर होती म्हणे. आता ती दुकानाच्या दारातून येताना डोकं खाली घालायची, आणि तिच्या पांढऱ्या कोटाला मास्तरांना बाह्या नेहमीपेक्षा चांगल्या वीतभर लांब लावाव्या लागल्या होत्या. ती गुरांची डॉक्टर झाली होती. पहिलीच नेमणूक डोंगरातल्या एका दवाखान्यावर मिळाली होती आणि लगेच हजर व्हायचं होतं. तिथली गावं विखुरलेली, रस्ते नागमोडी, आणि दवाखान्याची जीप गंजून कोंबड्यांच्या ताब्यात गेलेली. म्हणून तिने वडिलांची जुनी गाडी बाहेर काढली होती. ही गाडी चिमणीपेक्षा वयाने मोठी. तिचा मूळ रंग कोणता, यावर घरात एकमत नव्हतं. चाकांत हवा भरायला म्हणून ती टायरवाल्याकडे घेऊन गेली, त्याने सहज खाली वाकून बघितलं आणि फाटलेले बूट दाखवले.

"म्हणजे नक्की काय फाटलंय?" मास्तरांनी विचारलं.

चिमणीने टेबलावरचा खडू उचलला आणि कापून ठेवलेल्या अस्तरावरच चित्र काढलं. मास्तरांनी उरलेलं अस्तर हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

"हे स्टिअरिंग. आपण ते फिरवलं की खाली हा दांडा डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि चाकं वळतात. दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा आहे, आपल्या खांद्यासारखा, वाटीत गोळी. तो ग्रीसमध्ये बुडालेला असतो. आणि त्याच्यावर हे रबराचं, घड्याघड्यांचं, पेटीच्या भात्यासारखं. धूळपाणी आत जाऊ नये म्हणून. याला बूट म्हणतात."

"कफ म्हण ना सरळ."

"कफच. पण शर्टाचा कफ फाटला तर लाज जाते. हा फाटला आणि घाटात आतला सांधा निसटला, तर गाडी आपण सांगू तिकडे जात नाही. तिला हवं तिकडे जाते."

मुळात मास्तरांना गाडी या वस्तूचीच धास्ती होती. ते कधी पुढच्या सीटवर बसत नसत. मागे बसून दोन्ही हातांनी पुढची सीट धरून ठेवत. "मग गॅरेजात दे की ताबडतोब," ते म्हणाले.

"देता येईल. पण मास्तर, उद्या तिकडे चिखलात परत फाटला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? आत काय आहे ते मला एकदा माझ्या हातांनी बघायचंय. टायरवाल्या भाऊंनी रीत दाखवलीय, अवजारंही देतायत. सुट्टीच्या दिवशी मागच्या अंगणात करू. तुम्ही फक्त दिवा धरा."

*

सुट्टीच्या दिवशी सकाळी मास्तर दिवा धरून उभे राहिले, तेव्हा सूर्य चांगला वर आला होता.

"अहो, उन्हात दिवा कशाला लावलाय?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून चिमणीच्या आईने विचारलं. तिचं अर्धं आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे गेलेलं. त्यामुळे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायची तिला सवय होती, आणि घरातही ती शक्यतो खिडकीतूनच बोलायची.

"खाली अंधार आहे आई," चिमणी गाडीखालून म्हणाली.

तिने जॅक लावून गाडी उचलली होती, पण नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली लोखंडी घोड्या लावल्या होत्या, आणि वर गाडीला खांद्याने धक्का देऊन बघितलं होतं. मागच्या चाकांना दगड लावले होते. डावं चाक काढून तेही गाडीखाली आडवं सरकवलं होतं. "घोडी निसटलीच तर गाडी चाकावर पडेल, माझ्यावर नाही," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मास्तरांनी दिवा दुसऱ्या हातात घेतला आणि पहिला हात पॅन्टला पुसला. त्यांचे आजोबा घाबरले की असाच धोतराला हात पुसायचे.

मग तिने तारेच्या ब्रशने दांड्याचे आटे घासायला सुरुवात केली. वर्षानुवर्षांची माती खपल्यांसारखी निघाली. खालून चक्क चमकणारं लोखंड बाहेर आलं. मास्तरांना वाटलं होतं की ती पाना घेऊन एकदम तुटून पडेल. तिने तसं काही केलं नाही. तेल सोडलं, थांबली, परत सोडलं.

"आता इथे खूण करायची," ती म्हणाली. "हा नट परत बरोबर इथेच आला पाहिजे, नाहीतर चाकं एकमेकांकडे तिरकी बघायला लागतील."

मास्तरांनी खिशातून खडू काढून ऐटीत पुढे केला. तिने खूण केली. तेलात खूण विरघळून गेली. खिडकीतून न विचारता लाल नेलपेंटची बाटली खाली आली. "लग्नाला घेतली होती," आई म्हणाली. "पोस्टात कुठली लावणार." नेलपेंटची रेघ मात्र पक्की बसली.

नट काही सुटेना. चिमणीने एका पान्याने दांडा धरला, दुसऱ्याने नट, आणि जोर लावला. तिच्या मानेच्या शिरा तटतटल्या. नट जागचा हलला नाही. मास्तर म्हणाले, "हातोडीने हाण एक." ती नाही म्हणाली. तिने परत तेल सोडलं, हात पुसले आणि पायरीवर येऊन बसली.

"चहा घेऊ."

"आणि ते?"

"ते मऊ होतंय. गाय अडली की ओढायचं नसतं मास्तर. कॉलेजात आमच्यातला एकजण ओढायला गेला होता. सरांनी त्याचा हात धरून बाहेर काढला. म्हणाले, ती तिचं काम करते आहे, तू मध्ये पडू नकोस. आपण हात ठेवून वाट बघायची, आणि ती सोडेल त्या क्षणी तयार असायचं."

चहा निवांत झाला. मग ती परत खाली गेली, पाने लावले, आणि या वेळी डोळे मिटून घेतले. मास्तरांना तिचं पुटपुटणं ऐकू आलं. "सोड आता. सोड बाई." नट 'कर्र' करून हलला. पक्क्या शिवणीचा पहिला टाका उसवतो तेव्हा मास्तरांच्या बोटांना जे कळायचं, ते तिला इतक्या जाड पान्यातून कळलं होतं.

दांड्याच्या बाहेरच्या टोकाचा, चाकाजवळचा दुसरा सांधा मात्र तिने हातोडीनेच सोडवला. त्याची पिन काढली, नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. "एकदम सुटून अंगावर येऊ नये म्हणून." मग चाकाकडच्या ज्या लोखंडी तुकड्यात तो बसतो त्याच्यावर नेमक्या जागी घाव घातला. दुसऱ्या घावाला 'टण्' असा आवाज होऊन सांधा खाली बसला, आणि मास्तर दिव्यासकट उडी मारून कोथिंबिरीच्या कुंडीत जाऊन पडले. खिडकीतून कुंडीची चौकशी झाली. मास्तरांची कुणी केली नाही.

जुना बूट निघाला तो दोन तुकड्यांत. आतला दांडा मात्र स्वच्छ होता. ग्रीस काळं पडलं होतं इतकंच. चिमणीने सगळं पुसून काढलं, सांधा हलवून बघितला, नवीन ग्रीस भरलं. आता नवा बूट चढवायचा. त्याचं तोंड निमुळतं आणि दांड्याच्या आट्यांची धार तीक्ष्ण. जोर केला तर नवाकोरा बूट आतून चिरायचा.

"मास्तर, शर्टाच्या कॉलरमध्ये घालता ते पातळ प्लॅस्टिक आहे ना तुमच्याकडे? मोठा तुकडा?"

मास्तर धावतच गेले. तिने त्या प्लॅस्टिकचा शंकू केला, आट्यांवर टोपीसारखा बसवला, वर बोटभर ग्रीस फिरवलं आणि बूट त्यावरून अलगद, बाळाच्या पायात मोजा चढवावा तसा, सरकवला. मग बुटाची एकेक घडी बोटाने चाचपून बघितली, कुठे पीळ तर नाही ना. रुंद तोंड खाचेत बसवलं, पट्टी आवळली. आवळून झाल्यावर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. ते फिरवायचं काम आईने खिडकी सोडून खाली येऊन केलं. बूट श्वास घेतल्यासारखा लांबला, आखडला.

"वा!" मास्तर म्हणाले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ काम बघितलं होतं. टीप सरळ मारणारे बघितले होते, आणि टीप सरळ दिसेल अशी मारणारेही बघितले होते. ही मुलगी गाडीखाली, जिथे कुत्रंसुद्धा बघायला जाणार नाही अशा जागी, पट्टीचं टोक नीट दुमडत होती.

*

उजवी बाजू जेवणानंतर उघडली. हात आता सरावला होता, सगळं भराभर सुटलं. फाटलेला बूट ओढला आणि आतून चहाच्या रंगाचं पाणी भसकन चिमणीच्या बाहीवर सांडलं. तिने ते पुसलं, दांड्यावर बोट फिरवलं. वरवर डाग होते, पुसून गेले. मग तिने आतला सांधा धरून हलवला. ती थांबली. परत हलवला.

"मास्तर, खाली या."

मास्तर कधी गाडीखाली गेले नव्हते. पण त्या आवाजाला नाही म्हणता येईना. ते पोत्यावर आडवे झाले आणि सरपटत तिच्या शेजारी गेले.

"इथे दोन बोटं ठेवा. आता मी हलवते. काय कळतं सांगा."

मास्तरांनी डोळे मिटले. बोटांखाली बारीकसं 'टक्' झालं. परत 'टक्'. सैल बटण काजात हलावं तसं.

"वाजतंय," ते हळूच म्हणाले.

"हो. मला वाटलं, मलाच भास होतोय."

गाडीखालून बाहेर येऊन तिने आईला सांगितलं. नुसता बूट बदलून भागणार नाही. आतला दांडा सांध्यासकट बदलायला हवा. तो आज मिळणार नाही, दुकानं बंद. मागवावा लागेल, जुन्या गाडीचा आहे, कधी येईल सांगता येत नाही. आणि उद्या निघायचं होतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. आज पहिल्यांदाच तिने वाक्य मध्ये तोडलं नाही. मग म्हणाली, "अगं, पण इतके दिवस चाललीच ना अशी? थोडंसंच तर वाजतंय. नवा बूट चढव, जा, आणि तिकडे गेल्यावर सावकाश बघ. पहिलाच दिवस आहे तुझा. गेल्या गेल्या गाडी नाही म्हणालीस तर काय म्हणतील? वरून बूट घातल्यावर कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसलंय ना आई."

तेवढंच. आवाज चढवून नाही, आणि आईला गप्प करायला म्हणूनही नाही. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. सकाळपासून राबली होती. कपाळावर ग्रीस, कोपर खरचटलेलं. जे काम करून दाखवायचं होतं ते जवळजवळ झालेलं. कापड कमी पडतंय हे शेवटच्या बाहीला कळलं की काय वाटतं, ते मास्तरांना ठाऊक होतं. तिथे भले भले जोड देऊन वेळ मारून नेतात. त्यांनी स्वतःही नेली होती. हिच्या तोंडावर निराशा स्वच्छ दिसत होती, पण पुढे काय करायचं याचा घोळ तिच्या मनात अजिबात नव्हता.

तिने हात पुसून दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज इतका खणखणीत की फोन कानाला असूनही अंगणभर ऐकू येत होता.

"सर, मी उद्या येतेय. पण गाडी आणत नाही. स्टिअरिंगचा आतला सांधा सैल निघालाय."

"अहो, गाडी आहे म्हणून तर तुमच्याकडे वरची गावं दिली!"

"हो सर. गाडी येईल. पण अशीच आणली तर मी पोचेनच असं नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग, "बस सकाळची असते. चुकवू नका," आणि फोन बंद.

आत जाऊन आईने गरम पाणी आणि साबण आणला, चिमणीचे हात बादलीत धरले आणि स्वतः चोळायला लागली. नखांतलं ग्रीस काही निघेना. "राहू दे," चिमणी म्हणाली. "राहू दे काय," आई म्हणाली.

निघण्यापूर्वी चिमणीने उघडा सांधा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवला आणि किल्ली मास्तरांच्या हातात दिली. "कुणालाही चालवू देऊ नका. आईला तर मुळीच नाही. ती म्हणेल, नुसती कोपऱ्यापर्यंत जाऊन येते."

"मी इथेच उभी आहे," आई म्हणाली.

*

दांडा आला तेव्हा चिमणीला यायला फुरसत नव्हती. डोंगरातल्या गुरांत तोंडाला-खुरांना फोड आणणारी खुरकूत पसरली होती. ती गावोगाव लस टोचत फिरत होती. कधी पायी, कधी दूधवाल्याच्या टेम्पोत, कधी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर मागे उभी राहून. फोनवर तिचा घसा बसलेला असायचा, पण सांगताना हसायची. एका रेड्याने तिला शिंगावर घेता घेता सोडलं, एका आजीने गोठ्यात जाण्याआधी तिच्याकडून हात धुवून घेतले, आणि बरोबरच केलं. वरच्या टोकाच्या गावाला मात्र अजून पोचता आलं नव्हतं. तिथे टेम्पो जात नाही. हे सांगताना ती हसली नाही.

फोन ठेवल्यावर मास्तर मशीनवर बसले आणि सरळ कापडावर तिरकी टीप मारून बसले. मग उठून आत गेले.

"अगं, तो दांडा आपण बसवू या का?"

बायकोने त्यांच्याकडे, पत्ता नसलेल्या पार्सलकडे बघावं तसं बघितलं. "आपण म्हणजे कोण?"

"म्हणजे मी. मी बघितलंय ना सगळं. दिवा मीच धरला होता."

चिमणीला फोन करून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "टायरवाल्या भाऊंना शेजारी उभं करा. मोठा पाना त्यांच्याकडे आहे, आणि आतला सांधा तेच आवळतील. बाकी हात तुमचे चालतील मास्तर. घाई तेवढी करू नका."

टायरवाला आला तो हसतच. पण मास्तरांनी आधी मागच्या चाकांना दगड लावले, जॅकखाली फळी घातली, घोड्या लावल्या, वर गाडीला खांद्याने धक्का दिला आणि काढलेलं चाक खाली आडवं सरकवलं. ते बघून त्याचं हसू थांबलं. "कुणी शिकवलं?" त्याने विचारलं. "आमच्या डॉक्टरांनी," मास्तर म्हणाले. छाती आपोआप पुढे आली. शर्टाचं वरचं बटण जाणवलं त्यांना.

जुना दांडा निघाला, नवा बसला. टायरवाल्याने दोन्ही पायांवर जोर घेऊन सांधा आवळला आणि वॉशरची कड ठोकून पक्की केली. फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता; चिमणी कुठल्या तरी गोठ्याबाहेर बसून भाकरतुकडा खात बोलत होती. "बूट चढला? घड्या एका रेषेत आहेत ना? पीळ?"

"अगं, बाहीला पीळ पडला तर मला कळणार नाही का?" मास्तर गाडीखालून म्हणाले. पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं.

हे सगळं होईपर्यंत मास्तरांच्या कमरेचा काटा ढिला झाला. पण ते काम करताना त्यांना एक गोष्ट कळली, ती नुसता दिवा धरून कळली नव्हती. चिमणी दिवसभर इथे पाठीवर पडून होती. मान वर, हात वर, डोळ्यांत माती. आणि एवढं करून शेवटी 'टक्' कळल्यावर तिने सगळं तसंच उघडं ठेवलं. नव्या सांध्याला ते पुन्हा पुन्हा हलवून बघत होते. वाजत नव्हता. तरी हलवत होते.

टायरवाल्याने चाकांची रेघ तपासून दिली, स्वतः एक फेरी मारून आणली, आणि मगच किल्ली आईच्या हातात ठेवली.

*

पुढच्या सुट्टीला आईने गाडी घाटात घातली. ती पहिल्या नवऱ्याबरोबर असताना शिकली होती, आणि विसरली नव्हती. मास्तर त्या दिवशी पुढे बसले. मागे दवाखान्यासाठी घेतलेली गुरांच्या खुराकाची पोती होती, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. पहिल्या काही वळणांना त्यांनी पाय आखडून घेतले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आई स्टिअरिंग किती हलक्या हाताने वळवते आहे आणि गाडी किती मुकाट्याने ऐकते आहे. ते खिडकीतून खाली बघायला लागले. दरी छान होती. इतकी वर्षं त्यांनी प्रवासात नुसती पुढच्या सीटची पाठच बघितली होती.

दवाखान्यात कोणी नव्हतं. कोंबड्यांनी भरलेल्या जीपमागून मोठे डॉक्टर आले, खणखणीत आवाजात त्यांनी खालच्या घराकडे बोट दाखवलं. तिथल्या गोठ्यात चिमणी जमिनीवर एका कुशीवर आडवी पडली होती. एक हात खांद्यापर्यंत गायीच्या पोटात, गाल पेंढ्यावर, डोळे मिटलेले. गायीची मालकीण गायीचं तोंड धरून उभी होती. मास्तर आणि आई दाराशीच थबकले.

"पाय मागे अडकलाय," चिमणी डोळे न उघडता म्हणाली. कोण आलंय हे तिला कळलंही नसावं. "थांब. थांब बाई. आता... नको, अजून नको."

मास्तरांनी तो चेहरा ओळखला. सगळं अंग दगडासारखं स्थिर, आणि सगळा जीव बोटांच्या टोकाशी. गाडीखाली त्यांनी तो दिव्याच्या उजेडात, एकाच बाजूने बघितला होता. इथे तो पुरता दिसत होता. त्यांच्या मनात आलं की ही मुलगी एकच काम दोन ठिकाणी करते आहे. गायीला माहीत नाही आणि गाडीलाही नाही, पण दोघीही सुखरूप हातांत आहेत. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पेंढ्याच्या धुळीवर ढकललं.

कळ आली. चिमणीचा खांदा वळला, काहीतरी आत सरकलं, आणि मग एक ओला काळा ढीग पेंढ्यावर घसरून आला. नाकपुड्या फुगल्या. वासरू शिंकलं. मालकीण मटकन खाली बसली आणि गायीच्या गळ्यात पडून रडायला लागली.

चिमणी उठून बसली तेव्हा तिला दाराशी दोघे दिसले. मग त्यांच्यामागे रस्त्यावर उभी गाडी दिसली. ती बादलीत हात धुवून थेट रस्त्यावर गेली आणि गाडीखाली शिरली.

"अगं, आधी आईला तरी भेट!" आई म्हणाली.

आतून चाक धरून हलवल्याचा आवाज आला. मग दुसरं चाक. मास्तर चष्मा काढून पुसत, परत घालत उभे होते. परीक्षेच्या निकालाला चिमणी शांत असायची आणि हेच असे उभे असायचे.

"एक पट्टीचं टोक बाहेर राहिलंय," ती खालून म्हणाली. "दगड लागून उघडेल. पक्कड द्या." पक्कड दिली. टोक दुमडलं गेलं. ती बाहेर आली, पेंढा, शेण आणि ग्रीस एकाच अंगावर घेऊन. आईला मिठी मारली, मग मास्तरांकडे वळली. "मास्तर, बाकी एक नंबर काम झालंय. मी केलेल्या बाजूपेक्षा तुमची बाजू सरळ आहे."

"पाठ दुखते," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात मोठे डॉक्टर वर हात करून हाका मारत आले. वरच्या टोकाच्या गावाहून निरोप आला होता. दोन बैल तोंडातून फेस गाळतायत. चिमणीने पिशवी उचलली, लसींचा डबा मागच्या सीटवर ठेवला, खुराकाची पोती ओढून रस्त्याच्या कडेला उतरवली आणि किल्ली आईच्या हातातून घेतली.

"अगं, आणि आम्ही?" आईने विचारलं.

"गोठ्यात. कोरड्या पोत्याने वासराला चोळत राहा, थंडी वाजेल त्याला. उभं राहून दूध प्यायला लागेपर्यंत दोघांनी हलायचं नाही." ती गाडीत बसली, स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून बघितलं, आणि निघाली. वळणावर गाडी वळली. चिमणीने सांगितलं तिकडेच.

मास्तरांनी चांगला शर्ट घातला होता. त्यांनी बाह्या दुमडल्या, पोतं घेतलं आणि वासराच्या पाठीवरून फिरवायला सुरुवात केली. आई दुसऱ्या बाजूला गुडघ्यांवर बसली. वासराने मागचे पाय ताठ केले, पुढे कोलमडलं, परत मागचे पाय ताठ केले.

"ओढू नका हं," आई म्हणाली.

"कोण ओढतंय," मास्तर म्हणाले, आणि नुसता हात ठेवून वाट बघत बसले.